लाल मुनिया

लाल मुनिया : उंच गवतात राहणारा आणि गवताच्या बियांवर जगणारा एक चिमुकला पक्षी. शास्त्रीय नाव अमांडाव्हा अमांडाव्हा, कुळ एस्ट्रिल्डिडी. आपली घरची चिमणी साधारण १५ सेंमी. लांब असते, ही मुनिया जेमतेम १० सेंमी. भरते आणि तिचे वजन दहा रुपयांच्या नाण्याहून थोडेसेच अधिक असते. पावसाळ्यात नर माणकासारखा लालभडक होतो. छाती, कुशी आणि पंखांवर पांढरेशुभ्र ठिपके, डोळ्यापासून चोचीपर्यंत काळी रेघ, चोच लाल, शेपटी काळी व टोकाला गोलसर. मादी मात्र वरून तपकिरी, खालून फिकट पिवळट. तिच्या अंगावर लाली उरते ती फक्त चोचीला आणि शेपटीच्या मुळाशी.

पिंजऱ्यातले पक्षी विकणारे याला सरसकट फिंच म्हणतात. खऱ्या फिंचांचे कुळ वेगळे आहे. नागपूरकडे त्यांतला हिवाळी पाहुणा म्हणजे गुलाबी फिंच. लाल मुनियेची जवळची भावंडे दोनच. एक आफ्रिकेतली नारिंगी पोटाची मुनिया आणि दुसरी फक्त भारतात आढळणारी हिरवी मुनिया, जी आज संकटग्रस्त पक्ष्यांत मोडते. लाल मुनियेचा पसारा मोठा, भारतीय उपखंडापासून जावापर्यंत.

हिंदीत नराला नुसते ‘लाल’ आणि मादीला ‘मुनिया’ म्हणत. आपण दोन्ही जोडून घेतले. शास्त्रीय नावाची कहाणी मात्र पिंजऱ्याची आहे. सतराव्या शतकात हे पक्षी अहमदाबादेहून सुरतेच्या बंदरात आणि तिथून जहाजाने परदेशी जात. १६७२ ते १६८१ या काळात भारतात व इराणात फिरलेला इंग्रज प्रवासी जॉन फ्रायर याने अहमदाबादेच्या या ठिपकेदार पाखरांबद्दल लिहून ठेवले आहे: एका पिंजऱ्यात पन्नास, त्यांतल्या एकाने सूर धरायचा आणि बाकीच्यांनी साथ द्यायची. अहमदाबादचे नाव परक्यांच्या तोंडी ‘अमादवाद’, ‘अवदावत’ असे होत गेले आणि १७५८ मध्ये जीवांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने तेच पक्ष्याला चिकटवले. व्यापाऱ्यांच्या पिंजऱ्यांतून सुटलेल्या मुनिया पुढे स्पेन, फिजी, हवाई, पोर्तो रिको अशा दूरदूरच्या मुलखांत वस्ती करून राहिल्या. इतका चिवट पक्षी आपल्या मूळच्या गावी गवत कापल्यामुळे बेघर व्हावा, हे मनाला लागते.

या पक्ष्याची सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे त्याचे रंग बदलणे. या कुळात शंभराहून अधिक जाती आहेत, पण विणीचा एक पोशाख आणि विणीबाहेरचा दुसरा, असे ठळक दोन पोशाख जवळजवळ हीच मुनिया बाळगते. विणीचा हंगाम सरला की नर पिसे टाकतो आणि मादीसारखाच मातकट दिसू लागतो. चोचीचे चक्र त्याहूनही बारकाईने चालते. मे महिन्यात ती लाल होऊ लागते, नोव्हेंबर-डिसेंबरात गडद होते आणि एप्रिलमध्ये झपाट्याने काळी पडते. नागपूरच्या हिशेबात सांगायचे तर पारा ४५ अंशांकडे सरकत असतो, माळावरचे गवत वाळून गेलेले असते, आभाळात ढगाचा मागमूस नसतो, तेव्हाच या पक्ष्याच्या चोचीने पावसाची तयारी सुरू केलेली असते. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात या ऋतुचक्रावर बरेच संशोधन झाले आहे. लाल रंग घडतो तो अन्नातून मिळणाऱ्या कॅरोटिन गटातील द्रव्यांपासून. म्हणूनच पिंजऱ्यात नुसत्या कोरड्या दाण्यांवर ठेवलेल्या नराची लाली फिकी पडते, कधी तो काळवंडतोही.

बहुतेक पक्षी कीटकांच्या सुगीत पिल्ले वाढवतात. मुनियेची सुगी गवताच्या दाण्यांची. नागपुरात जूनच्या मध्याला पाऊस लागतो, वर्षाकाठी हजारएक मिलिमीटर पडतो आणि त्यातला फार मोठा वाटा सप्टेंबरअखेरपर्यंत येऊन जातो. पोळा, मारबत हे सण होईपर्यंत काळ्या मातीवरचे रानसावा, मारवेल, पवण्या ही गवते कमरेएवढी होतात आणि त्यांच्या तुऱ्यांत दुधाळ दाणा भरू लागतो. हा कोवळा दाणा पिल्लांना भरवायला सोयीचा. जोडीला वाळवी, मुंग्या असे बारीक किडेही चालतात. वीण पावसाळ्यात सुरू होते आणि बियांचा साठा पुरला तर हिवाळ्यापर्यंत लांबते.

घरटे म्हणजे गवताच्या पात्यांचा गोल चेंडू, दार बाजूला, आत मऊ पिसांचे अस्तर. ते झुडपाच्या किंवा गवताच्या थोंबात जमिनीलगतच असते, त्यामुळे दोन हातांवरून माणूस जाईल आणि त्याला पत्ता लागणार नाही. धामण, सरडा आणि भारद्वाज यांना मात्र पत्ता लागतो. अंडी पांढरी, सहसा ५ ते ६. नर-मादी दोघे आळीपाळीने उबवतात. १२-१४ दिवसांत पिल्ले बाहेर येतात आणि सुमारे तीन आठवड्यांनी घरटे सोडतात. या कुळातल्या पिल्लांच्या तोंडात आतून ठिपक्यांची नक्षी असते. घरट्याच्या अंधारात वासलेली चोच आईबापांना नेमकी दिसावी, ही त्यामागची सोय.

ऑक्टोबरातल्या सकाळी, दव उतरत असताना, एखाद्या पडीत जमिनीच्या कडेला स्वस्थ बसले तर पुढचे दृश्य हमखास दिसते. आधी बारीक ‘प्सीप, प्सीप’ ऐकू येते. मग गवताचा एक तुरा वाऱ्याशिवाय वाकतो. त्यावर बसलेला नर देठ पायांत धरून दाणे एकेक करून सोलतो आणि टरफल चोचीच्या कडेने खाली टाकतो. तुरा वजनाने पार खाली झुकला तरी तो सोडत नाही. शेजारी मादी येऊन त्याला अगदी खेटून बसते, तो तिच्या मानेची पिसे विंचरतो आणि तिने मान फिरवली की दुसऱ्या बाजूची. चाहूल लागताच दहा-वीसजणांचा थवा एकदम उठतो, हेलकावे खात जरा पुढे जातो आणि पुन्हा गवतात बुडतो.

नागपूर परिसरात अशी जागा शोधायला पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात जावे लागत नाही. अंबाझरी व गोरेवाडा तलावांलगतचे गवताळ माळ, झिलपी, साईकी, पारडगाव या तलावांचे काठ, पाणकणसांची बेटे, बेशरमाच्या जाळ्या, मौदा-रामटेककडच्या धानाच्या बांध्या आणि त्यांचे धुरे, ही तिची ठिकाणे. दाट झाडीत ती राहत नाही. पाणी जवळ, गवत उंच आणि मध्ये एखाददुसरे झुडूप, एवढे तिला पुरते.

वाघाच्या या जिल्ह्यात ‘जंगल’ शब्दाला मान आहे, गवताला नाही. सातबाऱ्यावर पडीत लिहिले की ती जमीन रिकामी समजली जाते. मग तिथे भूखंड पडतात, नाही तर कुणीतरी चांगल्या मनाने झाडे लावतो. गवताळ माळावर दाटीने झाडे लावली तर सावलीत गवत मरते आणि मुनिया निघून जाते. हिरवाई वाढली असे फलक लागतात, पण एक पूर्ण परिसंस्था मोडलेली असते. तलावांच्या सुशोभीकरणात काठ दगडांनी बांधतात आणि ऐन सप्टेंबरात, घरट्यांत अंडी असताना, गवतावर यंत्र फिरवतात. माझ्या मते सर्वांत सोपा उपाय तारखेचा आहे. तलावकाठची आणि माळावरची कापणी वीण आटोपेपर्यंत लांबवली आणि एकदम सगळे न कापता पट्ट्यापट्ट्याने कापले, तर खर्च वाढत नाही आणि मुनियेचे घर राहते. गाजरगवत उपटणे मात्र जरूर करावे; ते देशी गवताला जागाच उरू देत नाही.

पकडणे हा दुसरा धोका. देखणेपणामुळे जाळी लावून थवेच्या थवे धरले जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुनियांना संरक्षण दिले आणि १९९०-९१ पासून देशी रानपक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आहे. तरी पाखरे चोरून विकली जातात. जगभराचा हिशेब धरला तर ही जात आज संकटात नाही.

नागपुरात तिच्यासोबत आणखी मुनिया दिसतात : छातीवर खवल्यांची नक्षी असलेली ठिपकेवाली, काळ्या डोक्याची तिरंगी आणि पांढऱ्या गळ्याची. पांढऱ्या गळ्याची मुनिया सुगरणीच्या जुन्या घरट्यातही मुक्काम करते. पावसाळ्यात नर ओळखायला कुणाचीच मदत लागत नाही. एप्रिलमध्ये मात्र, नर-मादी दोघेही मातकट असताना, उडणाऱ्या पाखराच्या शेपटीच्या मुळाशी नजर ठेवावी. तिथली लाली बाराही महिने जात नाही.