द हाऊस ऑफ द रायझिंग सन

अमेरिकन लोकगीत. १९६४ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या 'द ॲनिमल्स' या बँडने ते इलेक्ट्रिक वाद्यांवर वाजवलं आणि तेव्हापासून जगभर त्याच रूपात ओळखलं जातं. न्यू ऑर्लिन्समधल्या 'उगवता सूर्य' नावाच्या घराने आयुष्याची कशी माती केली, हे गाणारा सांगतो.

उगम : कर्ता अज्ञात. गाणं साधारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं असावं, पण लेखी पुरावा १९२५ च्या मागे जात नाही, त्या वर्षी लोकगीतं गोळा करणारे रॉबर्ट गॉर्डन यांनी 'ॲडव्हेंचर' मासिकातल्या आपल्या सदरात त्याचे शब्द छापले. पहिलं ज्ञात रेकॉर्डिंग १९३३ चं, क्लॅरेन्स ॲशली आणि ग्वेन फॉस्टर यांचं. आजोबांकडून शिकलो असं ॲशली सांगायचे, ते धरलं तर गाणं बरंच मागे जातं. लोकसंगीताचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांचा उगमाबाबत कल इंग्लंडकडे होता, तिथल्या जुन्या गाण्यांत कुंटणखान्याला हे नाव येतं म्हणून, आणि चाल एका जुन्या इंग्रजी पोवाड्याशी जुळते असंही म्हटलं गेलंय, पण हे साम्य फारच ढोबळ आहे.

घर नेमकं कुठलं यावर तर अजूनही वाद चालू आहे. न्यू ऑर्लिन्सच्या काँटी स्ट्रीटवर या नावाचं हॉटेल होतं, ते १८२२ मध्ये जळालं, २००५ च्या सुमारास तिथे उत्खनन झालं तेव्हा रूज (गालांना लावायचा लाल रंग) ठेवायची भांडी मोठ्या संख्येने सापडली, त्यावरून वेश्यागृहाचा तर्क निघाला, पण तेवढ्यावर ते सिद्ध होत नाही. काहीजण बायकांचा तुरुंग म्हणतात कारण गाण्याच्या शेवटी साखळदंडाचा उल्लेख आहे. सुरुवातीची रेकॉर्डिंग्ज बहुतेक अमेरिकेच्या पूर्वेकडच्या अपालाचियन डोंगरातल्या गायकांची आहेत, आणि त्या लोकांसाठी न्यू ऑर्लिन्स म्हणजे लांबचं, वाया घालवणारं शहर, त्यामुळे एकच खरी इमारत शोधत बसण्यात फारसा अर्थ दिसत नाही.

१९३७ मध्ये लोमॅक्स यांनी केंटकीतल्या मिडल्सबरो गावी जॉर्जिया टर्नर या सोळा वर्षांच्या मुलीकडून हे गाणं रेकॉर्ड केलं, पुढचे बरेचसे पाठ त्यावरूनच आलेत. तिच्या गाण्यात आई शिवणकाम करते आणि प्रियकर दारुडा आहे. ॲनिमल्सकडे येईपर्यंत प्रियकर जाऊन जुगारी बाप आला आणि मुलीच्या जागी मुलगा आला. दुःख मात्र तेच राहिलं, आणि या मुलीचं नाव गाण्याबरोबर घेतलं जायलाच हवं.

ॲनिमल्सची आवृत्ती : न्यूयॉर्कचे लोकगायक डेव्ह व्हॅन रॉन्क यांची मांडणी बॉब डिलन यांनी आपल्या पहिल्या अल्बमसाठी (१९६२) घेतली, व्हॅन रॉन्क यांना न विचारता. कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वरसमूह) डिलनच्या रेकॉर्डवरून घेतले असं ॲनिमल्सचा गिटारवादक हिल्टन व्हॅलेंटाइन सांगायचा, गायक एरिक बर्डन मात्र न्यूकॅसलच्या एका लोकगायकाचं नाव घेतो. वाजवण्याच्या दृष्टीने व्हॅलेंटाइनचं म्हणणं जास्त पटतं.

कॉर्डचा क्रम असा : ए मायनर, सी, डी, एफ. ए ला षड्ज धरला तर डी मध्ये शुद्ध धैवत येतो आणि लगेच पुढच्या एफ मध्ये कोमल, पुढे ई मेजरमध्ये शुद्ध निषाद. एका ओळीत दोन्ही धैवत लागोपाठ ऐकू येतात, कासावीस करणारा रंग आहे तो यामुळे. ठेका सहाचा, दादऱ्याच्या जवळ जाणारा, त्यावर व्हॅलेंटाइन एकेक तार सुटी छेडत जातो, कॉर्ड एकदम झंकारत नाही, आणि ॲलन प्राइसचा ऑर्गन नंतर हळूहळू चढतो.

१८ मे १९६४ रोजी लंडनच्या डी लेन ली स्टुडिओत निर्माते मिकी मोस्ट यांनी एकाच टेकमध्ये ते ध्वनिमुद्रित केलं. लांबी जवळपास साडेचार मिनिटं, त्या काळच्या सिंगलला हे खूप जास्त, अमेरिकेत तर कापूनच आलं. जुलैमध्ये ब्रिटनला, सप्टेंबरमध्ये अमेरिकेत पहिला नंबर, अमेरिकेत शिरलेल्या ब्रिटिश बँडच्या लाटेतलं, बीटल्सशी संबंध नसलेलं, तिथे पहिल्या नंबरला गेलेलं हे पहिलंच गाणं. रेकॉर्डवर मांडणीचं श्रेय फक्त प्राइसच्या नावावर छापलं गेलं, पाच नावांना जागा नव्हती असं बँडवाले सांगतात, पैसेही त्यालाच गेले. बाकीच्यांवर हा सरळ अन्याय झाला.

प्रभाव : फोक-रॉकची, म्हणजे लोकगीत आणि रॉक यांच्या मिश्रणाची, सुरुवात अनेकजण इथून मानतात. लोक ॲनिमल्सची नक्कल म्हणायला लागले म्हणून डिलन यांनीच ते गाणं बंद केलं, आणि त्याआधी डिलनमुळे व्हॅन रॉन्क यांनाही ते बंद करावं लागलं होतं. फ्रान्समध्ये जॉनी हॅलिडे यांनी १९६४ मध्येच त्याचं तुरुंगाचं गाणं केलं, फ्रिजिड पिंक या अमेरिकन बँडने कर्कश गिटारवर वाजवलं, अमेरिकन गायिका डॉली पार्टन यांनी १९८० मध्ये परत बाईच्या तोंडी दिलं. गिटार शिकणाऱ्याला कॉर्ड सुटे छेडायची सवय लावायला हे गाणं आजही सर्रास देतात.