सिकलसेलचा थकवा आणि त्यावरचे पूरक उपाय

सिकलसेलचा थकवा म्हणजे सिकलसेल ॲनिमिया (आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, ज्यात लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात) असलेल्या माणसाला, अंग दुखत नसतानाही, जवळजवळ रोज येणारा अशक्तपणा, जो रात्रभर झोपून उठलं तरी उतरत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट आणि तिकडे नंदुरबारचा सातपुडा या पट्ट्यात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, आदिवासी समाजात जास्त, पण फक्त तिथेच आहे असं नाही. रिपोर्टवर एसएस आलं (दोष आई-बाप दोघांकडून आला) तर आजार, एएस आलं (एकाकडूनच आला) तर वाहक, आणि वाहकाला सहसा काही त्रास नसतो, त्यामुळे इथे जे लिहिलंय ते एसएसवाल्यांसाठी.

आधी थकवा येतो कुठून ते बघू, कारण ते न कळल्यामुळेच निम्मे उपाय चुकतात. साधी लाल पेशी साधारण 120 दिवस जगते, सिकलची पेशी 10 ते 20 दिवसांत फुटते, शरीर नवीन रक्त बनवत राहतं पण पुरं पडत नाही आणि हिमोग्लोबिन बऱ्याच जणांचं 7 ते 9 च्या आसपासच राहतं. त्यात किडनीवर परिणाम झाल्यामुळे लघवी घट्ट होत नाही, पाणी जास्त जातं, रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं, मग झोप तुटते आणि सकाळी पोरगं वर्गात बाकावर डोकं ठेवून बसतं. त्याला आळशी म्हणतात. नवी सून लवकर दमली तर कामचुकार म्हणतात. हे थांबायला पाहिजे, त्या माणसाच्या अंगात खरंच तेवढा ऑक्सिजन पोचत नसतो.

पूरक उपाय म्हणजे गोळ्यांच्या जोडीने करायचे, गोळ्या सोडून नाही. हायड्रॉक्सीयुरिया (सिकलसेलची रोजची मुख्य गोळी) आणि फॉलिक ॲसिड (नवीन रक्त बनायला लागणारं जीवनसत्त्व) हा पाया आहे, हायड्रॉक्सीयुरियाने हिमोग्लोबिन वाढलं की थकवाही बऱ्याचदा कमी होतो (मूल हवं असेल तर ही गोळी घेण्याबद्दल आधी डॉक्टरांशी बोलायचं, नवऱ्यानेही). बाकी सगळं याच्यावर.

सगळ्यात स्वस्त आणि कामाचा उपाय पाणी. तहान लागायची वाट न बघता दिवसभर थोडं थोडं पीत राहायचं, शेतावर जाताना बाटली, उन्हाळ्यात ताक किंवा आंबील, आणि दारू, मग ती मोहाची का असेना, नको कारण ती अंगातलं पाणीच काढते. दुसरं म्हणजे थंडी. भाताच्या रोवणीच्या दिवसांत पावसात भिजत तासन्‌तास चिखलात वाकून काम केलं की बऱ्याच जणांना दुखणं उठतं, आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात उलट उन्हाने पाणी कमी होतं, म्हणून काम तुकड्यातुकड्यात करायचं, दम लागायच्या आधीच बसायचं, बरं वाटतंय म्हणून एका दिवसात सगळं उरकलं की पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. दुखऱ्या जागी गरम पाण्याचा शेक, कोमट तेलाने हलकं मालिश चालतं. बर्फ नाही.

योगासनं, हळू चालणं, शवासन, संथ श्वासाचा प्राणायाम याने झोप आणि मन दोन्ही सावरतं असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे, रक्त मात्र त्याने वाढत नाही. श्वास कोंडून धरायचे प्रकार टाळलेले बरे.

खाण्यात मोठा गैरसमज आहे. रक्त कमी म्हटलं की घरचे गूळ, बीट, खजूर आणि मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या सुरू करतात, पण इथे रक्त लोहाअभावी कमी झालेलं नसतं, पेशी फुटल्यामुळे कमी झालेलं असतं, आणि ज्याला वारंवार रक्त चढवलंय त्याच्या अंगात लोह आधीच साचलेलं असू शकतं (एका पिशवीतून साधारण 200 ते 250 मिलीग्रॅम येतं). म्हणून फेरिटिन (अंगात लोह किती साठलंय ते सांगणारी रक्ताची तपासणी) तपासल्याशिवाय लोहाची गोळी नको. गूळ-शेंगदाणे खाण्याला कुणाची ना नाही, पालेभाजी, डाळ, अंडी तर हवीतच.

जडीबुटीबद्दल जपून. लोहभस्म, मंडूर यात लोहच असतं, काही भस्मांत शिसं सापडलंय आणि शिशाने ॲनिमिया आणखी वाढतो. गुळवेल घेणाऱ्या काही जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवलं होतं, आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, पण सिकलमध्ये बऱ्याच जणांचे डोळे आधीच पिवळे असतात, त्यात लिव्हरचा नवा त्रास लक्षातच येणार नाही. तो पिवळेपणा बऱ्याचदा पेशी फुटल्यामुळे असतो म्हणून काविळीची माळ घालून तो उतरत नाही.

1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झाल्यापासून तपासणीवर भर आलाय, पण रोजच्या थकव्याबद्दल बोलायला ओपीडीत वेळ कमी मिळतो, तेव्हा झोप किती, लघवीला किती वेळा, काय केल्यावर दमायला होतं हे वहीत लिहून न्यावं. आणि थकवा एकाएकी वाढला, चेहरा पांढरा पडला, पोटाची डावी बाजू फुगली, ताप आला, छातीत दुखून धाप लागली, तर शेक, काढा, प्राणायाम सगळं बाजूला ठेवून त्याच तासाला दवाखाना गाठायचा, रात्र असली तरी.