'एकदाच वापरा' हा शिक्का आला कुठून?

पेठांतले जुने दवाखाने ज्यांनी पाहिलेत, त्यांना स्पिरिटच्या दिव्यावर उकळणारी स्टीलची चपटी डबी आठवत असेल. आत काचेची सिरिंज, दांडा वेगळा काढलेला, शेजारी दोन-तीन सुया. पुण्याच्या पाण्याचा पांढरा थर डबीच्या कडेला कायमचा. सुई बोथट झाली की दगडावर घासायची आणि पुन्हा डबीत. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पेनिसिलिन हाताशी आलं आणि 'डॉक्टर, इंजेक्शनच द्या' हा आग्रहही वाढला. गर्दी असली की पाणी नीट उकळायच्या आत सिरिंज बाहेर यायची. उकळलं तरी जिवाणूंचे बीजाणू मरतीलच असं नाही. त्यासाठी दाबाखालची वाफ लागते, १२१ अंशांवर किमान १५ मिनिटं. अशी वाफ देणारं यंत्र, म्हणजे चेंबरलँडचा ऑटोक्लेव्ह, १८७९ चं, पण ते मोठ्या रुग्णालयांत. पेठेतल्या दवाखान्यात डबीच.

वापरून फेकायची सिरिंज अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर आली ती १९५४ च्या पोलिओ लशीच्या चाचणीत, आणि तीही काचेची. प्लास्टिकच्या सिरिंजचं पेटंट न्यूझीलंडच्या कॉलिन मरडॉकने १९५६ साली घेतलं. बरंचसं प्लास्टिक ऑटोक्लेव्हमध्ये वाकडं होतं, म्हणून कारखान्यांनी इथिलीन ऑक्साइड वायू धरला. रुग्णालयातला 'ईटीओ' तो हाच. पन्नासेक अंशांतही काम करतो, कॅथेटरच्या, म्हणजे शरीरात घालायच्या लवचीक नळीच्या, बारीक पोकळीत शेवटपर्यंत शिरतो. पण तो ज्वालाग्राही आणि कर्करोगकारक असल्यामुळे वस्तू नंतर कित्येक तास हवेशीर ठेवावी लागते. गंमत अशी, की ज्या वायूने 'एकदाच' वापरायची वस्तू जन्माला घातली, त्याच वायूने ती दुसऱ्यांदा वापरायची सोय करून दिली.

शिक्का मारायचा की नाही, हे ठरवतो उत्पादक. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेत काही उपकरणांवर तो आला, पण उपकरणात फारसा बदल नसतानाही. रुग्णालयं शहाणी होती, ती धुऊन वापरत राहिली. शेवटी ऑगस्ट २००० मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे औषध-उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सांगितलं: जो पुन्हा निर्जंतुक करेल, त्याच्यावर उत्पादकाचीच जबाबदारी. युरोपने २०१७ च्या नियमावलीत जवळपास हीच वाट धरली. ब्रिटनचा अनुभव उलटा. प्रायॉनच्या (मेंदूचा जीवघेणा आजार पसरवणाऱ्या, नेहमीच्या निर्जंतुकीकरणाला न जुमानणाऱ्या प्रथिनाच्या) भीतीने २००१ च्या सुरुवातीला टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेसाठी वापरून फेकायची हत्यारं सक्तीची केली, रक्तस्राव वाढला आणि वर्ष संपायच्या आत इंग्लंडमध्ये जुनी परत आली.

आपल्याकडे वैद्यकीय उपकरण नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. पण कॅथलॅबमधल्या (जिथे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी होते) महागड्या तारा, बलून, कॅथेटर त्याआधीही ईटीओला जात होते. माझ्या मते खरी अडचण वायूची नव्हतीच. धुलाई कच्ची असली तर वाळलेलं रक्त आत राहतं, आणि जिवाणू मेले तरी त्यांचं विष वस्तूवर उरतं. रुग्णाला थंडी वाजून ताप येतो. दुसरी अडचण गुपचूपपणाची: कितव्यांदा वापरलं याची नोंद नाही, बिलात मात्र नव्याची किंमत. सिरिंजच्या बाबतीत तर तडजोडच नको. २००९ साली गुजरातमधल्या मोडासा परिसरात हिपॅटायटिस बी पसरला, त्यात पुन्हा वापरलेल्या सिरिंज-सुयांचा हात होता. एकदा दाबली की अडकून बसणारी सिरिंज लसीकरणात आली ती पुनर्वापराच्याच धास्तीने.

डायलिसिसमध्ये मात्र हाच पुनर्वापर उघड चालतो. डायलायझर, म्हणजे रक्त गाळणारी नळकांडी, त्याच रुग्णाचा, वर मार्करने नाव. आधी पाण्याने धुलाई, मग पेरॲसिटिक ॲसिड हे जंतुनाशक. आतली धारणक्षमता मूळच्या ८० टक्क्यांखाली गेली की तो बाद. हिपॅटायटिस बी असलेल्याचा पुन्हा वापरायचाच नाही. जोडण्याआधी तंत्रज्ञ रसायन उरलं नाही ना हे पट्टीने तपासतो, लेबलावर आकडा वाढवतो आणि रुग्णाला दाखवतो. सरावलेला रुग्ण स्वतःच विचारतो, "आज कितवा?"