‘करलं’ कुठून आलं?

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला आणि जूनअखेर तो मागेही घेतला गेला. मधल्या काळात सांगलीत चहाच्या गाड्यावर, रिक्षात, पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच वाक्य फिरत होतं: एवढ्याशा जिवावर किती भाषांचं ओझं टाकायचं? त्यावर ठरलेलं उत्तर यायचं की लहान मुलं कितीही भाषा पटापट उचलतात. मूल भाषा ‘उचलतं’ म्हणजे नेमकं काय करतं, हे मात्र कुणी विचारलं नाही. प्रश्न जुना आहे, आणि त्याचे काही धागे आपल्याच सातारा-सांगली पट्ट्यात सापडतात.

पहिला धागा वाईचा. तिथल्या प्राज्ञपाठशाळेतून केवलानंद सरस्वतींचा मीमांसाकोश सात खंडांत निघाला. मीमांसा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणारं दर्शन, म्हटलं की यज्ञयागच आठवतात. पण वेदवाक्याचा अर्थ लावायचा तर शब्दाला अर्थ मुळात चिकटतो कसा हे सांगावं लागतं, आणि त्यासाठी मीमांसकांनी एक लहान मूल आणून बसवलं. वडीलधारा माणूस तरुणाला म्हणतो, ‘गाम् आनय’. तरुण गाय घेऊन येतो. मूल बघत असतं. मग ‘गां बधान’ म्हटल्यावर गाय बांधली जाते, आणि ‘अश्वम् आनय’ म्हटल्यावर घोडा येतो. कुठला शब्द गेला, कुठला आला आणि त्यासरशी समोर काय बदललं, हे बघत मूल ‘गाय’ वेगळी काढतं, ‘आण’ वेगळं काढतं. या काढघालीला आवाप-उद्वाप असं नाव आहे.

सातव्या शतकाच्या आसपास यावरून कुमारिल आणि प्रभाकर या दोन मीमांसकांच्या परंपरांत जुंपली. कुमारिलांच्या मते सुट्या शब्दांचे अर्थ आधी कळतात, मग ते वाक्यात जुळतात. प्रभाकर म्हणतात, मुलाच्या कानावर सुटा शब्द येतोच कुठे? येतं ते वाक्य, आणि तेही कुणीतरी काहीतरी काम करत असताना. मी प्रभाकरांच्या बाजूचा. आपल्या स्वयंपाकघरात ‘वाटी, नाम, स्त्रीलिंग’ असं कोण सांगतं? ‘अगं, ती वाटी दे की इकडं,’ एवढंच.

न ऐकता मूल कुठली भाषा बोलेल, हे बघण्यापायी राजेलोकांनी भलते उद्योग केले. इजिप्तच्या एका राजानं दोन बाळं कुणी बोलणार नाही अशा जागी वाढवली आणि त्यांच्या तोंडून ‘बेकोस’ (फ्रिजियन भाषेत भाकरी) हा शब्द आला, अशी कथा ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं लिहून ठेवली आहे. अकबरानंही मुलं अशीच कोंडून वाढवली; ती मुकीच राहिली. बिचारी पोरं.

मराठीत दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६ मध्ये छापलं गेलं. वर्ण, शब्द, वाक्य अशी जी चढती मांडणी आपण शाळेत शिकलो, ती मोठ्या माणसांच्या सोयीची. मूल त्या क्रमानं चालत नाही. ‘ताईनं कुत्र्याला भाकरी टाकली’ हे साधं वाक्य घ्या. यात ट आणि त यांतला फरक आहे, ‘कुत्रा’चं ‘कुत्र्या’ होणारं सामान्यरूप आहे, टाकणारी ताई असूनही क्रियापदाचं लिंग भाकरीवरून ठरतं ही खोड आहे. शिवाय हे कुणाला, कुठल्या सुरात म्हणायचं हेही आहेच. हे सगळं एकदमच कानावर आदळतं.

आवाजांचं काम सगळ्यांत आधी उरकतं. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये दाखवलं, की इंग्रजी बोलणाऱ्या घरातली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतला दंत्य त आणि मूर्धन्य ट वेगवेगळे ओळखतात. वर्षाची होईपर्यंत बहुतेकांची ती ओळख जाते. सांगलीतल्या बाळाची जात नाही, कारण घरात ‘ताट’ रोज वाजतं. म्हणजे बाळ या वयात निवड करत असतं. तोंड मात्र कानाच्या बरंच मागे असतं. माझी भाची दीड वर्षाची असताना मला ‘ताता’ म्हणायची, पण मी तिला ‘ताता’ म्हटलं की डोळे वटारायची.

नियमांचा भाग जास्त गमतीचा. १९५७ मध्ये मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी भाषा ही सवय आणि शाबासकी यांतून घडते असं मांडलं. दोन वर्षांनी भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी त्यावर घणाघाती परीक्षण लिहिलं: मूल कधीच न ऐकलेली वाक्यं बोलतं, ती सवयीतून कशी येतील? मधल्या वर्षी, १९५८ मध्ये, जीन बर्को यांनी चित्रातल्या एका पाखरासारख्या प्राण्याला ‘वग’ असं बनावट नाव दिलं आणि दोन असले तर काय म्हणाल, असं मुलांना विचारलं. मुलांनी अनेकवचन बिनदिक्कत करून दाखवलं.

मी हेच भाचीवर करून पाहिलं. ती तेव्हा साडेचार वर्षांची होती. कागदावर एक वेडंवाकडं ध्यान काढून म्हटलं, ‘हा गोटपा.’ आणखी एक काढला. ‘आता हे?’ ‘दोन गोटपे.’ लगेच. ‘मग यांतल्या एकाला खाऊ दे.’ तिनं बिस्कीट कागदावर ठेवलं. ‘गोटपाला दिलं.’ म्हणजे अनेकवचन हाती आलं होतं, ‘गोटप्याला’ अजून यायचं होतं.

दुसरा धागा कुपवाडचा. आज एमआयडीसी आणि महापालिकेच्या नावामुळे माहीत असलेल्या या गावावर जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या भाषा-अभ्यासकांचा लेख १९७१ मध्ये आला. जगभरचे भाषा-अभ्यासक ते ‘कुपवार’ म्हणून ओळखतात. जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू, शिवाय मराठी आणि थोडी तेलुगू. शब्द आपापले, पण वाक्याचा साचा जवळजवळ एक: मराठीत ‘पाला जरा कापून घेऊन आलो’, तर गावच्या उर्दूत ‘पाला जरा काट के ले के आया’, कन्नडही त्याच क्रमानं जाते. पुढे डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी या दाव्याची गावात पुन्हा तपासणी केली. मला त्यात दिसतं ते एवढंच, की हा साचा कुणी फळ्यावर लिहून दिला नव्हता. रानात, बाजारात, उंबऱ्यावर कामं करताना तो मुरला. अशा गावात चार भाषा हे ओझं नसतं. आठवड्याला चार तासिकांत तोच व्यवहार मिळेल का, ही गोष्ट निराळी.

अशा मुरण्याची खूण आमच्या घरातही आहे. कोल्हापूर-सांगलीकडच्या बायका ‘मी आलो’ म्हणतात. कन्नडमध्ये ‘मी’बरोबरच्या क्रियापदाला लिंग नसतं, त्याचा हा परिणाम मानतात. भाचीची आजी मिरजेची, ती ‘आलो’ म्हणते. आई पुण्याची, ती ‘आले’. पोरगी आजीकडे धावताना ‘मी आलो!’ ओरडते आणि आईला ‘मी आले ना’ म्हणून लाडीगोडी लावते.

तिसरा धागा फलटणचा. अमेरिकेतून आलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या मराठीवर संशोधन केलं आणि तिथेच राहून प्रगत शिक्षण संस्था उभी केली. शाळा ज्याला ‘अशुद्ध’ म्हणून लाल पेन लावते, त्या ‘न्हाई’, ‘व्हतं’ यांनाही व्यवस्था असते, हे त्यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे कागदावर आलं. मुलाच्या चुकीकडेही तसंच बघावं लागतं. ‘करलं’ हे भाचीनं कुणाकडून ऐकलेलं नाही. ‘बसलं’, ‘धरलं’, ‘भरलं’ ऐकून तिनं ते स्वतः बनवलं आहे.

परवा ती म्हणाली, ‘मी चित्र करलं.’ मी म्हटलं, ‘केलं.’

‘हो,’ ती म्हणाली, ‘मगाशीच करलं.’