स्कोपच्या रिंगांमागची शंभर वर्षे

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील जुन्या मराठी घरांत आजोबा-पणजोबांच्या काळातील शिकारी रायफल आजही परवान्यावर जपलेली आढळते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न मिटला. परंतु रेंजवर लक्ष्यभेद करण्यासाठी अशा रायफलीवर स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, बसवायचा म्हटले की तो धरून ठेवणाऱ्या रिंगांपाशी गाडे अडते, कारण तिच्यावर कधी दुर्बीण चढेल हे ती घडवणाऱ्याने बहुधा गृहीतच धरलेले नव्हते. शिंदे दरबारच्या काळात शिवपुरीच्या रानात हाका घालून मचाणावरून वाघ मारला जाई. अंतर थोडे आणि जनावर धावते असल्यामुळे उघडी माशी (नळीवरचा नेम धरण्याचा उंचवटा) आणि दुनळी रायफल यांवरच शिकाऱ्याचा भरवसा असे.

शिकारी दुर्बीण विसाव्या शतकाच्या आरंभी रुजली ती मुख्यतः जर्मनी आणि ऑस्ट्रियात. तेथील कारागीर रिंगांच्या पायांना नख्या ठेवून त्या रायफलीवरील खाचांत अडकवीत आणि प्रत्येक जोड हाताने कानस मारून बसवीत, त्यामुळे एका रायफलीचा माउंट (दुर्बीण बसवण्याची जोडणी) दुसरीला सहसा बसत नसे. त्या काळच्या अनेक दुर्बिणींत नेम केवळ वर-खाली करण्याची सोय होती. डावी-उजवी दुरुस्ती माउंटलाच करावी लागे. अमेरिकेतील रेडफील्ड पद्धतीच्या बेसमध्ये (रायफलीवर पक्क्या बसवलेल्या, रिंगा धरणाऱ्या पट्टीत) पुढची रिंग खाचेत फिरवून बसते आणि मागची समोरासमोरच्या दोन स्क्रूंमध्ये धरली जाते, त्यामागे हीच गरज आहे. दोन्ही दुरुस्त्या दुर्बिणीच्या आत आल्यानंतरही ती रचना टिकून आहे. नव्याने घेणाऱ्याला तिची फारशी आवश्यकता नाही, असे माझे मत आहे.

विल्यम वीव्हर यांनी १९३० मध्ये सामान्य शिकाऱ्याला परवडणारी दुर्बीण बाजारात आणली, तेव्हा तिची नळी पाऊण इंचाची होती. पुढे अमेरिकेत एक इंच, म्हणजे २५.४ मिमी, हे माप स्थिरावले आणि युरोपातून ३० मिमी आले. मात्र जुन्या युरोपीय दुर्बिणी २६ मिमीच्याही असल्याने इंचाची रिंग त्यांवर जबरदस्तीने आवळल्यास नळी चेपते. जाड नळीतून अधिक उजेड येतो हा समज फार पसरलेला आहे, परंतु तिचा खरा लाभ नेम सरकवायला आत अधिक वाव मिळतो हा आहे.

वीव्हर यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या आडव्या खाचांच्या बेसवरून अमेरिकी लष्कराने १९९५ मध्ये पिकाटिनी रेलचे (आडव्या खाचांच्या पट्टीचे) मानक ठरवले. पिकाटिनीची खाच ५.२३ मिमी रुंद आणि ठरावीक अंतरावर असते, तर वीव्हरची सुमारे ४.५७ मिमी असून तिच्या खाचांमधील अंतर निश्चित नसते. त्यामुळे वीव्हरच्या रिंगा पिकाटिनीवर सहसा बसतात, पण उलट प्रकार पुष्कळदा जमत नाही.

आपल्याकडील रायफलींची अडचण याहून निराळी आहे. जुन्या माउझर या जर्मन रायफलीचा बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता भाग) उघडताना दांडा सरळ वर येतो आणि मागचा सेफ्टीचा पंखाही वरच उभा राहतो. उंच रिंगा लावल्या तर दोन्ही मोकळे होतात, पण उघड्या माशीसाठी घडवलेल्या दस्त्यावर गाल टेकत नाही. म्हणून दांडा आणि सेफ्टी बदलून रिंगा बुटक्या ठेवण्याचा खर्चिक मार्गच अधिक योग्य ठरला.

ईशापूरच्या कारखान्याची ३१५ बोर रायफल ली-एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या घडणीची आहे. ३०३ हे लष्करी काडतूस नागरिकांना मिळत नसल्यामुळे हा बोर आला. तिच्या रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो त्या भागावर) माउंट टेकायला सपाट जागा फार थोडी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी ली-एनफिल्ड नंबर ४ च्या निशाणबाज रायफलींवर तीनपट दुर्बीण बसवताना रिसीव्हरच्या डाव्या बाजूला ब्रॅकेट लावून रिंगा त्यावर चढवल्या, त्या याच घडणीमुळे. ३१५ वर असे काही करायचे तर रिसीव्हरला भोके पाडावी लागतात, आणि ते काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे लागते. रिंगांचे माप आणि उंची त्यानंतर, दुर्बिणीची पुढची भिंग-बाजू रायफलीच्या नळीला न टेकता जितकी खाली येईल तितकी ठरवावी.