मानेतील धमनीला चीर आणि पक्षाघात : गरोदर स्त्रिया व बाळंतिणींसाठी माहिती

बाळ-बाळंतिणीच्या मालिशसाठी आमच्याकडे नाव नोंदवणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला हे पत्रक दिले जाते. यात सांगितलेला आजार दुर्मीळ आहे. गरोदरपण आणि बाळंतपण मिळून एक लाखामागे साधारण 30 जणींना पक्षाघात होतो आणि त्यांतल्या थोड्याच जणींमध्ये त्याचे मूळ मानेतील धमनीच्या चिरेत असते. तरीही पत्रक देण्याचे कारण असे की या आजाराची पहिली खूण बहुधा मानदुखी किंवा डोकेदुखी असते, आणि बाळंतिणीची मान दुखू लागली की घरात सर्वांत आधी मालिशवाल्या ताईंनाच सांगितले जाते.

मानेच्या दोन्ही बाजूंना, जिथे बोट ठेवल्यावर ठोका लागतो, तिथून कॅरोटिड धमनी मेंदूला रक्त पोहोचवते. तिच्या सर्वांत आतल्या थराला चीर गेली की रक्त भिंतीच्या थरांमध्ये शिरते आणि वाट अरुंद होते. त्या जागी धरलेली गुठळी सुटून मेंदूत अडकली तर पक्षाघात होतो. प्रसूतीच्या वेळी लावलेला जोर, वाढलेला रक्तदाब, जोराच्या उलट्या किंवा मानेला बसलेला हिसका यांमुळे अशी चीर पडू शकते. पुष्कळदा मात्र नेमके कारण सापडतच नाही. प्रसूतीनंतरचे पहिले सहा आठवडे विशेष जपण्याचे असतात.

हे दुखणे सहसा एका बाजूला, मानेत, जबड्यात किंवा डोळ्याच्या मागे असते, आणि पूर्वी कधी असे दुखले नव्हते असे ती स्वतः सांगते. त्याच बाजूची पापणी किंचित उतरते, बाहुली लहान दिसते, कधी कानात नाडीच्या लयीत धडधड ऐकू येते. याकडे दुर्लक्ष होणे फार सोपे आहे, कारण बाळाला पाजताना मान अवघडली, गार वारे लागले, जागरण झाले, अशी कारणे घरात तयारच असतात. कमरेत दिलेल्या भुलीच्या इंजेक्शनामुळेही डोके दुखते, पण ते दुखणे बहुधा उठून बसल्यावर वाढते आणि आडवे पडल्यावर उतरते. तसे होत नसेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावे, कारण दुखणे आणि पक्षाघात यांच्यामध्ये काही तास किंवा काही दिवस मिळू शकतात आणि तेवढ्यातच उपचार सुरू करता येतात.

तोंड वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे किंवा एका डोळ्याने अचानक दिसेनासे होणे यांपैकी काहीही दिसल्यास 108 वर फोन करावा आणि लक्षणे कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवावी. गुठळी विरघळवण्याचे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते आणि ते द्यायचे की नाही हे त्या वेळेवरही अवलंबून असते. तोपर्यंत पाणी, काढा किंवा घरातली कोणतीही गोळी देऊ नये. गिळता येत नसेल तर घास श्वासनलिकेत जातो, आणि मेंदूत रक्तस्राव झालेला असेल तर अ‍ॅस्पिरिनने अपाय होतो.

गरोदर स्त्रीची तपासणी बाळाच्या काळजीपोटी टाळू नये. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात आणि डोके-मानेच्या सीटी स्कॅनमध्ये पोटापर्यंत पोहोचणारे किरण अगदी नगण्य असतात. उपचारात अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी औषधे काही महिने दिली जातात. हेपॅरिन वारेतून बाळापर्यंत जात नाही, म्हणून गरोदरपणात ते वापरता येते, आणि त्यासाठी अंगावर पाजणेही थांबवावे लागत नाही. बहुतेकींची धमनी काही महिन्यांत भरून येते.

आमच्या ताई बाळंतिणीची मान झटक्याने वळवून कडकड मोडत नाहीत आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला दाब देत नाहीत; घरातल्या वडीलधाऱ्यांनी आग्रह केला तरीही नाही. नवी मानदुखी किंवा डोकेदुखी असल्याचे कळल्यास त्या दिवशी मालिश होणार नाही आणि शुल्कही घेतले जाणार नाही. डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्यानंतर राहिलेले दिवस पुढे धरले जातील.