निवृत्तिवेतन सुधारणांचा वाद, महाराष्ट्रातील
राज्य शासनाच्या निवृत्त कर्मचाऱ्यास अखेरच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन तिजोरीतून द्यावे, की सेवाकाळात कर्मचारी व शासन यांनी भरलेल्या अंशदानातून (वर्गणीतून) जे उभे राहील तेवढेच द्यावे, यावरून २००५ पासून चालू असलेला राजकीय वाद. ‘जुनी पेन्शन’ या नावाने तो सर्वपरिचित आहे.

या देण्याचा उगम कोठे धरावा, याविषयी मतभेद आहेत. लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलांना मराठेशाहीत मिळणाऱ्या बालपरवेशीपर्यंत तो मागे नेला जातो. परंतु बालपरवेशी ही धन्याची मेहेरबानी होती, सेवेच्या वर्षांवर मोजलेला हक्क नव्हे. १८१८ नंतर दुसऱ्या बाजीरावास ब्रह्मावर्तात (कानपूरजवळील बिठूर येथे) मिळणारी सालीना आठ लाखांची नेमणूकही राजकीय स्वरूपाची होती आणि १८५१ मध्ये त्याच्या निधनानंतर ती त्याचा दत्तकपुत्र नानासाहेब यास नाकारण्यात आली. १८७१ च्या निवृत्तिवेतन अधिनियमानेही अशा दाव्यांत दिवाणी न्यायालयांना बहुतांशी मज्जाव केला. म्हणून हक्काची कल्पना बरीच उत्तरकालीन, साधारणतः निवृत्तिवेतन हा हक्क मानणारे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल, म्हणजे १९७१ चा देवकीनंदन प्रसाद खटला व १७ डिसेंबर १९८२ चा नकारा खटला, यांच्या दरम्यान स्थिरावलेली मानणे अधिक सयुक्तिक दिसते. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियमही १९८२ चेच आहेत.

केंद्राने १ जानेवारी २००४ पासून सैन्यदले वगळून नव्या भरतीस अंशदायी योजना लागू केली. महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून परिभाषित अंशदान योजना आणली व पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत विलीन केली. जुन्या पद्धतीत ६०,००० रुपये मूळ वेतनावर निवृत्त होणाऱ्यास ३०,००० रुपये व त्यावर वाढता महागाई भत्ता मिळे. नव्या पद्धतीत कर्मचारी १० टक्के व शासन आरंभी १०, नंतर १४ टक्के भरते. निवृत्तीच्या वेळी जमलेल्या रकमेपैकी किमान ४० टक्क्यांची वार्षिकी (विमा कंपनीकडून नियमित मिळणारी ठरावीक रक्कम) घ्यावी लागते आणि तिला महागाईची जोड नसते. मतभेदाचे मूळ रकमेपेक्षा या जोखमीत आहे, असे म्हणता येईल.

दिनांकाचा प्रश्न त्याहून किचकट आहे. १ नोव्हेंबर २००५ ही मर्यादा नियुक्तीस लावावी की जाहिरातीस? जाहिरात आधीची, पण रुजू होणे नंतरचे, अशांना जुन्या योजनेचा विकल्प देण्याचे मंत्रिमंडळाने जानेवारी २०२४ मध्ये ठरविले. आधी नेमलेल्या, परंतु ज्यांच्या शाळेस शंभर टक्के अनुदान नंतर मिळाले अशा शिक्षकांचा प्रश्न वेगळा असून तो न्यायालयांत लढविला गेला.

डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सुमारे १ लाख १० हजार कोटींच्या बोज्याचा दाखला देत जुनी योजना नाकारली. राजस्थान, छत्तीसगढ, हिमाचल प्रदेश इत्यादींनी मात्र ती परत आणण्याचे निर्णय घेतले, आणि रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२३ मध्ये राज्यांना त्याविषयी सावध केले. तरीही १४ ते २० मार्च २०२३ या काळात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ या घोषणेखाली राज्यव्यापी संप झाला. शासकीय रुग्णालयांतील परिचारिका व चतुर्थश्रेणी कर्मचारी त्यात उतरल्याने त्याची झळ रुग्णांनाही लागली. निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची त्रिसदस्य समिती नेमल्यावर तो मागे घेण्यात आला. मार्च २०२४ मध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी अखेरच्या वेतनाच्या ५० टक्क्यांची हमी देणारी सुधारित योजना जाहीर केली आणि ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने केंद्राची एकीकृत निवृत्तिवेतन योजनाही (अंशदान कायम ठेवून निम्म्या वेतनाची हमी देणारी) स्वीकारली. केंद्राच्या योजनेत पूर्ण लाभासाठी पंचवीस वर्षांची सेवा लागते. उशिरा सेवेत आलेल्यांचा आक्षेप मुख्यतः या अटीवर आहे.

बृहन्मुंबई महानगरपालिकेची मर्यादा-तारीख निराळी, म्हणजे ५ मे २००८ ही आहे. कंत्राटी सफाई कामगार व आरोग्यसेविका या वादाच्या कक्षेत क्वचितच येतात.